टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर : आधी वही, मग दुकान



वार्षिक परीक्षा संपली की पालक शाळेत येऊन विचारतात, "टीचर, पोरांसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय, कुठला घेऊ?" अलीकडे या प्रश्नाला एक शेपूट जोडलेलं असतं. "टीव्हीलाही लागेल ना तो? सिनेमे, मालिका, क्रिकेट, सगळंच बघता येईल ना?" पैसा एकदाच जमतो, त्यामुळे त्यातून दोन कामं व्हावीत ही अपेक्षा रास्तच आहे. टीव्हीला जोडून पडदा म्हणून टीव्हीच वापरायचा अशा कॉम्प्युटरला बाजारात होम थिएटर पीसी म्हणतात. नाव मोठं असलं तरी वस्तू साधी आहे आणि बेताच्या पैशात बसते. नियोजन मात्र दुकानात उभं राहून करायचं नसतं. ते घरी, वही-पेन घेऊन करायचं असतं.

अभ्यासाच्या दृष्टीने हा प्रश्न मला का महत्त्वाचा वाटतो, ते आधी सांगते. 'असर' हा ग्रामीण भागातल्या शिक्षणाचा देशपातळीवरचा अहवाल आहे. त्याच्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना मोबाईलबद्दल विचारलं गेलं. जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. ज्यांना तो वापरता येत होता, त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी वापरणारे सुमारे ५७ टक्के होते आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे सुमारे ७६ टक्के. शहरातल्या आपल्या घरांत चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. फोनवर मूल एकटं असतं, मान खाली असते, आणि ते काय बघतंय हे दोन हातांवर बसलेल्या आईलाही दिसत नाही. टीव्हीचा पडदा सगळ्या घरासमोर असतो. शिवाय बऱ्याच घरांत फोन एकच असतो, आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी हे नियोजन आम्ही प्रत्यक्ष केलं. तेच उदाहरण घेऊन पुढे जाऊ. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते, मुलगी दहावीत जाणार, धाकटा भाऊ सहावीत, आणि घरात दादी. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. आपल्या सोलापुरात अशी घरं हजारोंनी आहेत. कुंभारीला विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, त्यानंतर तिथेच रे नगर उभं राहिलं आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातली १५ हजार घरं कामगारांना मिळाली. हातमाग-यंत्रमागाच्या वस्त्यांतही घरं साधारण याच मापाची. म्हणून हा हिशेब पुष्कळांच्या उपयोगी पडावा.

या घरात आईची २४ हजारांची भिशी लागली होती. वडिलांनी एका दुकानातून यादी करून आणली, तिची बेरीज होती ४८ हजार. उरलेले हप्त्यांनी भरा, असं दुकानदाराने सांगितलं होतं. दहावीचं वर्ष, त्यात दरमहा हप्ता, आणि मागाला काम कमी लागलं तर काय, ही आईची काळजी होती. आम्ही ती यादी बाजूला ठेवली आणि वहीच्या पहिल्या पानावर मर्यादा लिहिली : २० हजार. उरलेले चार हजार दहावीच्या पुस्तकांना आणि परीक्षा शुल्काला.

आधी घर मोजा

पहिला प्रश्न टीव्हीचा. या घरी ३२ इंची टीव्ही होता. तो स्मार्ट नव्हता, पण मागे दोन एचडीएमआय खाचा होत्या. एचडीएमआय म्हणजे चित्र आणि आवाज एकाच केबलमधून नेणारी चपटी खाच. ती असेल तर टीव्ही बदलायची गरज नाही. तुमच्या टीव्हीला फक्त पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना असतील, तर कन्व्हर्टर लावून सिनेमा दिसेल, पण अक्षरं फुटतात. त्यावर अभ्यास होणार नाही. अशा घराने आधी टीव्हीचा विचार करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, हे दुकानात भाव विचारताना लक्षात असू द्या.

दुसरं माप अंतराचं. साधा ठोकताळा असा : टीव्हीचा कर्ण जितके इंच, त्याच्या दीडपट ते अडीचपट अंतरावर बसावं. ३२ इंचांचा टीव्ही असेल तर हे अंतर चार फुटांपासून साधारण साडेसहा फुटांपर्यंत येतं. आम्ही टेपने मोजलं. गादीपासून टीव्हीपर्यंत सहा फूट होते. म्हणजे आहे तो टीव्ही पुरेसा होता. दहा फुटांवर बसणाऱ्यांना मात्र याच पडद्यावर पाठ्यपुस्तकाची ओळ वाचता येणार नाही.

तिसरं माप कामांचं. वहीत आम्ही पाच ओळी लिहिल्या. मुलीला धड्यांचे व्हिडिओ आणि पुस्तकांच्या पीडीएफ. मुलाला टायपिंग आणि गणिताचा सराव. आईला शिष्यवृत्तीचे आणि इतर ऑनलाइन अर्ज घरीच भरायचे होते. वडिलांना बातम्या आणि क्रिकेट. दादीला जुने उर्दू कार्यक्रम आणि मुशायरे. या पाचांत व्हिडिओ गेम कुठेच नव्हता. दुकानाची यादी मात्र गेम खेळणाऱ्या मुलासाठी केलेली होती.

खरंच लागतो का?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. नुसतं बघायचंच असेल तर कॉम्प्युटर घेऊ नका. टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत बसणारी स्ट्रीमिंग स्टिक बरीच स्वस्त पडते आणि रिमोटवर चालते. काही ओटीटी सेवा कॉम्प्युटरच्या ब्राऊझरमध्ये सर्वात उंच दर्जाचं चित्र देतही नाहीत, ते स्टिकवर किंवा स्मार्ट टीव्हीवरच मिळतं. डीडी फ्री डिशला मासिक भाडं नाही आणि त्यावर पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या दिसतात. प्रत्येक इयत्तेला एक वाहिनी या कल्पनेने त्या २०२० मध्ये सुरू झाल्या. ज्या घरात इंटरनेट नाही, तिथे पहिला खर्च याच डिशवर व्हावा.

कॉम्प्युटर लागतो तो लिहिण्यासाठी, शोधण्यासाठी, साठवण्यासाठी आणि अर्ज भरण्यासाठी. आपल्या पाठ्यपुस्तकांत चौकोनी क्यूआर कोड असतात, ते तुम्ही पाहिलेच असतील. पुस्तकात कोड छापून धड्याचा व्हिडिओ मुलांपर्यंत पोचवण्याचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केला. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. हा कोड वाचायला फोनचा कॅमेरा लागतो असं पालकांना वाटतं. पण दीक्षाच्या कोडखाली सहा अक्षरांचा संकेतही छापलेला असतो. तो कॉम्प्युटरवर दीक्षाच्या पानावर टाईप केला की तोच धडा उघडतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात, मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमांचीही. एकाच गल्लीत या चारही माध्यमांची मुलं राहतात अशा आपल्या गावात ही गोष्ट मोठी आहे. पुस्तक हरवलं, फाटलं किंवा उशिरा मिळालं, तरी अभ्यास अडत नाही.

दुकानाच्या यादीवर लाल पेन

आता त्या ४८ हजारांच्या यादीकडे वळू. त्यात पहिलं होतं वेगळं ग्राफिक्स कार्ड. ते मुख्यतः गेमसाठी आणि व्हिडिओ संपादनासाठी लागतं. नुसता व्हिडिओ दाखवायला प्रोसेसरमध्येच असलेलं ग्राफिक्स भरपूर झालं. इथे एक गोम आहे. इंटेलच्या काही प्रोसेसरच्या नावाशेवटी इंग्रजी 'एफ' अक्षर असतं, म्हणजे त्यात ग्राफिक्स नाही. तो थोडा स्वस्त मिळतो, पण मग वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. या यादीत तोच होता. नवीन प्रोसेसर घेणाऱ्यांनी नावाचं शेवटचं अक्षर जरूर वाचावं.

दुसरं, रंगीत दिव्यांचा मोठा काचेचा डबा. एका खोलीत जिथे रात्री सगळे झोपतात, तिथे हे दिवे कोणाला हवेत? तिसरं, ७५० वॅटचा पॉवर सप्लाय. तो त्या ग्राफिक्स कार्डासाठीच होता, कार्ड गेलं की तोही गेला. चौथं, पाच स्पीकर आणि एक वूफरचा संच. दहा बाय बाराच्या खोलीत पाच स्पीकर लावायच्या जागाच नसतात. मागचे दोन स्पीकर शेवटी कपाटावर शेजारी शेजारी बसतात. त्यापेक्षा दोन चांगले स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवले की बोलणं स्वच्छ ऐकू येतं. बहुतेक टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे संवाद पुसट येतात आणि आपण आवाज वाढवत जातो. भिंतीपलीकडे शेजाऱ्याचं तान्हं मूल झोपलेलं असतं, तेही ध्यानात ठेवायला हवं.

एवढं खोडल्यावर यादीत जे उरलं, ते सगळं एका चपट्या डब्यात मावण्यासारखं होतं.

कार्यालयातून निवृत्त झालेला मिनी कॉम्प्युटर

मोठ्या कंपन्या आणि बँका आपले कॉम्प्युटर काही वर्षांनी एकदम बदलतात. जुने यंत्र साफ करून, तपासून पुन्हा विकले जातात. बाजारात त्यांना रिफर्बिश्ड म्हणतात. त्यातला एक प्रकार जाड पुस्तकाएवढा असतो : डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी, लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी. टीव्हीशेजारी ठेवायला याहून सोयीचं काही नाही. यातल्या बऱ्याच यंत्रांत प्रोसेसरच्या नावापुढे 'टी' अक्षर असतं. म्हणजे तो कमी विजेवर चालणारा, ३५ वॅटच्या मर्यादेतला प्रोसेसर आहे, आणि आपल्याला तोच हवा.

पिढी कुठली घ्यावी? इंटेलची आठवी किंवा त्यापुढची. याचं कारण विंडोज. विंडोज १० चा मोफत सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच चालतं. सहाव्या-सातव्या पिढीचं यंत्र स्वस्त मिळतं आणि व्हिडिओही नीट दाखवतं. ते घ्यायचंच असेल तर त्यावर लिनक्स मिंट टाका. ते मोफत आहे, शिकायला अवघड नाही, आणि मराठी-उर्दू दोन्ही त्यावर लिहिता येतात. चोरटं विंडोज "टाकून देतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. ज्या यंत्रावर पुढे बँकेचे आणि शिष्यवृत्तीचे व्यवहार होणार, त्यात कोणी काय भरलंय ते कळायला मार्ग नसतो.

जुनं नकोच असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी २०२३ पासून इंटेलचा एन-१०० हा प्रोसेसर असलेले नवे छोटे डबे मिळतात. प्रोसेसर अवघ्या ६ वॅटच्या श्रेणीतला आहे आणि यूट्यूबवरचे नव्या पद्धतीचे व्हिडिओ तो प्रोसेसरवर ताण न आणता दाखवतो. ४के टीव्ही असलेल्या घराने याचा विचार करावा. ३२ इंची साध्या टीव्हीला आठवी पिढी पुरे.

मेमरी ८ जीबी असावी. त्याहून कमी असेल तर ब्राऊझरची चार पानं उघडताच यंत्र अडखळतं, आणि या घराला १६ ची गरज नव्हती. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जगभर चढले आहेत, म्हणून मेमरी आतच असलेलं यंत्र घ्यावं. "नंतर वाढवू" हा विचार महागात जाऊ शकतो. मुख्य साठवण २५६ जीबीची एसएसडी हवी. जुनी फिरती हार्ड डिस्क लावली तर चांगला प्रोसेसरही गोगलगाय होतो. धड्यांचे व्हिडिओ साठवायला किती जागा लागेल, हे मुलीनेच काढलं. सेकंदाला १ मेगाबिटने चालणारा व्हिडिओ तासाला साधारण ४५० एमबी घेतो. २०० तासांचे धडे झाले ९० जीबी. २५६ मध्ये ते आरामात बसतात.

इंटरनेटचा हिशेब

या घरी ब्रॉडबँड नव्हतं, वडिलांच्या फोनचं रोज दोन जीबीचं पॅक होतं. १०८०पी दर्जाच्या व्हिडिओला सेकंदाला ५ मेगाबिटचा वेग लागतो असं धरलं, तर तासाभरात सव्वादोन जीबी संपतात. म्हणजे एका तासात दिवसाचं पॅक गेलं. ४८०पी दर्जा ठेवला की तासाला अर्धा जीबी, म्हणजे रोज चार तास. ३२ इंची पडद्यावर फळ्यावरचं अक्षर ४८०पी मध्येही वाचता येतं. म्हणून दर्जा आम्ही तोच ठरवला. दिवसाचं पॅक संपायच्या आत, रात्री वडील आले की दुसऱ्या दिवशीचे धडे दीक्षासारख्या ठिकाणाहून उतरवून ठेवायचे, म्हणजे दिवसा फोन घरात नसला तरी अभ्यास चालतो. किविक्स नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात विकिपीडिया, मराठी आणि उर्दू दोन्ही, एकदा उतरवून घेतला की इंटरनेट नसताना वाचता येतो.

कार्यालयातून आलेल्या बऱ्याच मिनी यंत्रांत वायफायचं कार्डच नसतं, कारण तिथे तारेने जोडणी असते. घाबरायचं कारण नाही. फोन चार्जिंगच्या केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं की फोनचं इंटरनेट कॉम्प्युटरला मिळतं, आणि वायफायचा खर्च पुढे ढकलता येतो.

वीज, उकाडा आणि कापसाचे तंतू

दर महिन्याच्या बिलाची आईला जास्त धास्ती होती. मिनी कॉम्प्युटर व्हिडिओ दाखवताना साधारण २० वॅट घेतो. रोज चार तास धरले तर महिन्याला अडीच युनिटांच्या आत. ३२ इंची टीव्ही साधारण ४५ वॅटचा, तो याच वापरात साडेपाच युनिटांच्या आसपास. जुना मोठा डबा ९० वॅट घेणारा असता, तर एकट्या त्याचेच जवळजवळ अकरा युनिट झाले असते. स्वस्तात मिळालेला जुना डबा पुढे बिलातून वसुली करतो ती अशी.

सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला मी काय सांगू? पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट असतं. कॉम्प्युटर बंद शोकेसमध्ये ठेवू नका. चारही बाजूंनी चार बोटं मोकळी हवा हवी, वर लेसचं कापड नको. ज्या घरांत किंवा शेजारी माग चालतो, तिथे कापसाचे बारीक तंतू हवेत असतात. ते पंख्यात जाऊन बसतात, पंखा घोंघावू लागतो, यंत्र तापून मंद होतं. दर दोन महिन्यांनी सगळं बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने जाळी साफ करायची. हे काम सहावीतल्या मुलाने स्वतःकडे घेतलं.

वीज अचानक गेली की उघडी फाईल जाते, कधी कधी एसएसडीही बिघडते. म्हणून ६०० व्हीएचा छोटा यूपीएस. टीव्ही आणि मिनी कॉम्प्युटर मिळून ७० वॅटच्या आसपास जातात. तेवढ्या भारावर नवी बॅटरी पंधरा-वीस मिनिटं सहज देते. काम साठवून यंत्र नीट बंद करायला तेवढं पुरतं.

वहीतलं पान

शेवटी पान असं झालं. हे दुकानांचे भाव नव्हेत, प्रत्येक वस्तूवर आम्ही स्वतःला घातलेली मर्यादा आहे.

मिनी कॉम्प्युटर, ८ जीबी आणि २५६ जीबी : १२,५०० रुपये
बिनतारी कीबोर्ड, टचपॅडसह : १,२०० रुपये
एचडीएमआय केबल आणि लागल्यास कन्व्हर्टर : ५०० रुपये
दोन स्पीकर : १,५०० रुपये
यूपीएस : २,८०० रुपये
राखीव : १,५०० रुपये
एकूण : २०,००० रुपये

राखीवचा रकाना कोणी खोडू नये. एखादी वस्तू मर्यादेबाहेर गेली तर ती राखीवमधून भागवायची, हप्त्यातून नाही.

दुकानात काय तपासायचं

सोलापुरात नवी पेठेत विचारपूस करावी. पुण्याला जाणारे तपकीर गल्लीत आणि मुंबईला जाणारे लॅमिंग्टन रोडला चौकशी करतात. कुठेही घ्या, पुढच्या गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

यंत्राच्या मागे एचडीएमआय आहे की फक्त डिस्प्लेपोर्ट? बऱ्याच मिनी यंत्रांत डिस्प्लेपोर्टच असतं, मग कन्व्हर्टर लागतो. अॅडॉप्टर त्याच कंपनीचा आहे का? काही यंत्रं परका अॅडॉप्टर ओळखत नाहीत आणि मुद्दाम मंद चालतात. सुरू करताना पासवर्ड मागतं का? आधीच्या कार्यालयाचा पासवर्ड राहून गेलेला असेल तर पुढे डोकेदुखी. घड्याळ चुकीची वेळ दाखवत असेल तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपली आहे, ती स्वस्त असते, तिथेच बदलून मागा. एसएसडी किती तास चालली आहे आणि तिची तब्येत कशी आहे, ते दुकानदाराला पडद्यावर दाखवायला सांगा. मग दुकानातल्या टीव्हीला जोडून अर्धा तास व्हिडिओ चालवा. पंख्याचा आवाज, यंत्राचा ताप आणि एचडीएमआयमधून टीव्हीला आवाज येतो की नाही, हे तिन्ही तेवढ्यात कळतं. दुकानदार कंटाळला तरी चालेल. शेवटी पक्कं बिल घ्या, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक आणि हमीची मुदत लिहून घ्या. तोंडी हमी उंबऱ्यापर्यंतच टिकते.

घरी आल्यावर

टीव्हीच्या पडद्यावर चित्राच्या कडा कापलेल्या दिसल्या तर टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा तत्सम पर्याय निवडा. अक्षरं लहान वाटली तर कॉम्प्युटरमध्ये आकार १२५ किंवा १५० टक्के करा. उर्दू वाचणाऱ्यांना हे विशेष लागतं. नस्तालीक लिपी तिरपी उतरते, नुक्ते बारीक असतात, आणि सहा फुटांवरून 'बे' आणि 'पे' सारखेच दिसतात. नोटो नस्तालीक हा मोफत फाँट टाकून आकार वाढवला, तेव्हा दादींनी चष्मा न शोधता पहिली ओळ वाचली.

मुलांसाठी वेगळं खातं करा, त्याला प्रशासकाचे अधिकार देऊ नका. यूट्यूबचा प्रतिबंधित मोड सुरू करा. इंटरनेटच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.३ हा पत्ता टाकला की क्लाउडफ्लेअरची मोफत सेवा प्रौढांची आणि घातक संकेतस्थळं बरीचशी अडवते. हे सगळं कराच, पण खरी राखण पडदा खोलीच्या मधोमध असण्याची आहे. स्वयंपाकघरातून आईला तो दिसला पाहिजे.

आणि वेळापत्रक भिंतीवर लावा. या घरी ठरलं ते असं : शाळेतून आल्यावर एक तास भावाचा, मगरिबनंतर दोन तास मुलीचे, जेवणानंतर एक तास सगळ्यांचा. क्रिकेटचा मोठा सामना असेल त्या दिवशी मुलीने आधीच उतरवलेले धडे सकाळी बघायचे. वडिलांनी हे मान्य केलं, पण दहावीची परीक्षा संपेपर्यंत अंतिम सामन्याखेरीज सवलत नाही, ही अट मुलीने घातली आणि आईने त्याखाली सही केली.

खरेदी वहीतल्या मर्यादेत झाली, राखीवमधले नऊशे रुपये शिल्लक राहिले. त्या आठवड्यात आईने शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्यांदाच घरी बसून भरला. एरवी त्यासाठी अर्ध्या दिवसाच्या विड्या बुडवून नेट कॅफेत बसावं लागायचं. तिचा तो अर्धा दिवस दरवर्षी वाचणार आहे. हा लाभ दुकानाच्या यादीत कुठे लिहिलेला नव्हता, आमच्या वहीतल्या पाच कामांत मात्र तो तिसऱ्या ओळीत होता.

तुमच्याकडे भिशी लागायला अजून दोन-चार महिने असतील, तर घाई करू नका. आज टीव्हीच्या मागे वाकून एचडीएमआयची खाच आहे का ते बघा, गादीपासूनचं अंतर मोजा, आणि घरातल्या प्रत्येकाला त्याचं एक काम वहीत लिहायला सांगा, दादा-दादींनासुद्धा. ज्या वस्तूसमोर कोणाचंच काम लिहिलेलं नसेल, ती दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी घेऊ नका.